पहिले भार, मग गाठ

आमच्या पीटी सरांना बसून बुटाची लेस बांधलेली खपत नसे. गृहपाठ केला की नाही हे त्यांच्या खिजगणतीतच नसे, मारामारीही ते एका मर्यादेपर्यंत कौतुकानं बघायचे. पण मैदानाच्या पायरीवर बूड टेकून लेस आवळणारा पोरगा दिसला की शिटी वाजलीच म्हणून समजा. "उभा राह्य बे. अंगाचं वजन पायावर घे, मग वाक, मग बांध. पहिले भार, मग गाठ." सातवीत माझं पोट वाकण्याच्या आड यायचं. म्हणून मी एकदा वाद घातला की सर, बसून बांधली काय अन् उभ्यानं बांधली काय, लेस तीच आणि बूटही तोच. बसून बांधलेल्या लेसांनिशी सरांनी मला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला पाऊल बुटात असं काही करकचलं की मी लंगडत परत आलो. "समजलं? बसल्यावरचा पाय अलग, भाराखालचा पाय अलग," सर म्हणाले आणि पुढच्या पोराकडे वळले.

हे सरांचं स्वतःचं तत्त्वज्ञान नव्हतं. सर पुसदकडच्या एका बंजारा तांड्यातले. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर वाहिलेलं. बैलाच्या पोटाखालून जो पट्टा आवळतात तो तंग. गोणी लादायच्या आधी रिकाम्या बैलाला तंग आवळला, की ओझं चढल्यावर तो कातड्यात रुततो आणि दोन कोसांत बैल सोलून निघतो. म्हणून आधी गोणी, मग तंग. बैल गेले, गोणी गेल्या, सर पुसदहून यवतमाळला नोकरीला आले, आणि ती अक्कल तेवढी आमच्या बुटांवर येऊन बसली. मी पुढे भौतिकशास्त्राचा मास्तर झालो, ज्युनिअर कॉलेजात फळ्यावर बाण काढून बल आणि भार शिकवू लागलो. सरांना एकदा म्हटलं, तुमचं वाक्य मी आता पोरांना समीकरणात मांडून दाखवतो. तर म्हणाले, "तू कोर माणूस, तुले समीकरणच लागन." जो गोर नाही, बंजारा नाही, तो कोर. सर हा शब्द मला इतक्या मायेनं चिकटवत की मी कधी रागावलोच नाही.

निवृत्त झाल्यावरही सरांच्या गळ्यातली शिटी उतरली नाही. लोहाऱ्याच्या रस्त्याला आमची घरं समोरासमोर. सकाळी नळ आला की सर गच्चीवरून एक शिटी द्यायचे, साऱ्या गल्लीला कळायचं. भाजीवाल्याला थांबवायला एक, माझ्या बायकोनं चहा ठेवलाय का हे विचारायला दोन. माणूस तोंडानं का बोलत नाही म्हणून मी खूप चिडायचो. बायको मात्र दोन शिट्या ऐकल्या की मुकाट्यानं आधण वाढवायची.

अशा माणसानं एके दिवशी लाल रंगाची, दोनच सीटांची, छत उघडणारी जुनी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. गाडी इतकी बुटकी की आमच्या गल्लीतलं कुत्रंही तिच्यावरून पलीकडे बघू शकत होतं. गल्लीनं लगेच निकाल दिला, मास्तर चळला. "या वयात सर फटफटी सोडून काय करून राह्यले?" असं मला चौघांनी विचारलं, जणू मीच त्यांचा पालक.

सर चळले नव्हते. सरांची आई, म्हणजे याडी, नव्वदीच्या आसपासची. गोरबोलीत आईला याडी म्हणतात, पण साऱ्या गल्लीची ती याडीच होती. वर्षभरापूर्वी ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिचा उजवा पाय मुसळासारखा सरळचा सरळ राहिला. ऑटोत चढता येईना, जीपमध्ये चढता येईना, साध्या कारमध्ये गुडघा मोडल्याशिवाय बसता येईना. आणि तिला केळापूरकडच्या तांड्यावर जायचं होतं, आपल्या धाकट्या बहिणीला भेटायला. तीन वर्षांत भेट नव्हती. धाकटीनं अंथरूण धरलं होतं, जेवण कमी होत चाललं होतं, आणि फोनवर दोघींनाही एकमेकींचं धड ऐकू येत नव्हतं. मी ॲम्ब्युलन्स सुचवली. याडीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला शोधायला लागलो. "आडवी होऊन मी बहिणीच्या दारात जात नाही," ती म्हणाली. "आडवं एकदाच जायचं असते."

तेव्हा सरांनी याडीच्या कमरेपासून टाचेपर्यंत सुतळी मापली, ती खिशात घातली आणि नागपूर गाठलं. जुन्या गाड्या विकणारे त्यांना इंजिनाचं, मायलेजचं सांगत होते आणि सर प्रत्येक गाडीत डोकं घालून सीटपासून पुढच्या पत्र्यापर्यंत सुतळी ताणून पाहत होते. सुतळी पुरली ती फक्त या लाल गाडीत. हिच्यात माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसत नाही, जमिनीवर पाय पसरून बसल्यासारखा बसतो. शिवाय छत उघडलं की याडीला वरून अलगद आत ठेवता येणार होतं. "ही गाडी नाही बे," सर म्हणाले, "चाकं लावलेली सतरंजी आहे."

सतरंजी आठ दिवसांत बसली. गतिरोधकावर पुढून खाडकन आवाज आला आणि त्यानंतर गाडी सरळ चालेचना, रस्त्याच्या डाव्या कडेला ओढ घेऊ लागली, खड्ड्याखड्ड्यात पुढून टक-टक करू लागली. चौकातल्या वाहिदभाई मिस्त्रीनं खाली डोकावून पाहिलं. "सर, इंजिन एकदम बढिया. पन पुढचे बुश सारे फाटले. अशी गाडी मी कधी खोलली नाही. उद्या काही उलटंसुलटं झालं तर याडीचा जीव माझ्या मानेवर. नागपूरले टाका." नागपूरवाल्यानं दोन महिने सांगितले. दोन महिने धाकटी थांबेल असं तिच्या घरचं कोणी म्हणत नव्हतं.

सर म्हणाले, "घरीच करू." मी विचारलं, "करू म्हणजे कोण कोण?" त्यांनी शिटी वाजवली. पुण्याहून नव्या बुशांचं पार्सल मागवलं, तेही दोन संच. सरांचा प्रत्येक बाबतीत नियम होता, एक खेळायला, एक राखीव. वाहिदभाईनं मन मोठं करून जॅक, पाने आणि गाडी टेकवायला लोखंडी घोड्या दिल्या. तीन रविवार सरांचं अंगण म्हणजे वर्कशॉप झालं. मी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून सूचना करायच्या आणि सरांनी गाडीखाली पाठीवर झोपून काम करायचं, अशी वाटणी ठरली. खालून एक शिटी आली की थांब, दोन आल्या की जॅक चढव, लांब शिटी आली की पाणी आण. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, दोन हजार पोरांना शिकवून झालेला माणूस मी, शिटीवर धावत होतो.

खोललेला एकही नट सरांनी डब्यात टाकला नाही. अंगणात खडूनं रेघा मारल्या आणि सुटा भाग न् भाग रांगेत उभा केला, डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे, उंचीप्रमाणे. संध्याकाळी काम थांबवताना हजेरी. एका रविवारी एक वॉशर गैरहजर निघाला. अख्खं अंगण झाडलं, माझे खिसे दोनदा तपासले, तिसऱ्यांदा मी तपासू दिले नाहीत. शेवटी बाजेवर बसलेल्या याडीनं पदराखालून तो काढून दिला. चकाकताना दिसला, कशिद्याच्या बटव्यावर आरशांच्या शेजारी शिवायला बरा वाटला, असं तिचं म्हणणं. सरांनी तिला बदल्यात जुना वॉशर घासूनपुसून दिला आणि तिनं तो खरंच शिवला.

बुश म्हणजे काय ते इथं सांगतो, कारण सगळी फजिती त्यातच झाली. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. तो गाडीला जिथं जोडतात तिथं एक जाड रबरी मणी असतो, मध्ये लोखंडी नळी. चाक खालीवर झालं की ते रबर पीळ घेतं आणि सोडतं. आम्ही जुने मणी वाहिदभाईच्या शिकंज्यात दाबून काढले, नवे दाबून बसवले, बोल्ट जिवाच्या आकांतानं आवळले, चाकं लावली आणि गाडी घोड्यांवरून खाली घेतली. गाडीचं तोंड चार बोटं वर राहिलं. मला जरा चमत्कारिक वाटलं. सर मात्र दोन पावलं मागं सरकून कौतुकानं बघत राहिले. "पाह्य," ते म्हणाले, "कशी छाती काढून उभी आहे. सावधान." चाळीस वर्षं पोरांना छाती बाहेर काढायला लावणाऱ्या माणसाला पुढून उचललेली गाडी बिघडलेली वाटणार तरी कशी. आणि मी, भौतिकशास्त्राचा मास्तर, मीही मान हलवली.

गाडी आठ दिवस गुणी पोरीसारखी चालली. वाहिदभाई दोनदा येऊन सलाम करून गेला. नवव्या दिवशी लोहाऱ्याच्या वळणावर पुन्हा टक. दहाव्या दिवशी टक-टक. घोड्यांवर चढवून पाहिलं तर नवे कोरे मणी पिळून फाटलेले. त्याच दुपारी केळापूरकडून फोन आला की धाकटीनं आता फक्त पेज घ्यायला सुरुवात केली आहे. याडीनं फोन ठेवला, बटव्यातून सुपारी काढली आणि ती न कातरता तशीच हातात धरून बसली. सरांचा चेहरा मी तेवढा उतरलेला कधीच पाहिला नव्हता, आंतरशालेय सामन्यात आमच्या संघानं मार खाल्ला तेव्हाही नाही. आता राखीव संच तेवढा उरला होता. तोही फाटला तर पुढचा यायला दीड महिना, पुण्यातला साठा संपला होता.

"माल खराब आहे," मी म्हणालो. "दोन्ही बाजूचे सारखेच फाटतात काय बे?" सर म्हणाले. "माल खराब नाही. आपलं काहीतरी चुकून राह्यलं." पण काय चुकतंय ते त्यांनाही कळेना आणि मलाही. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून राखीव मणी बसवले. सर खाली झोपून बोल्ट फिरवायला लागले. मला कॉलेजात तास होता. निघायचं म्हणून मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि बुटाची लेस बांधू लागलो.

गाडीखालून सरांना माझे पायच तेवढे दिसत होते. शिटी वाजली. "अबे मास्तर झाला तरी सुधरला नाही. उभा राहून बांध. पहिले भार, मग..."

वाक्य तिथंच राहिलं. पान्याची किरकीर थांबली. मला भीती वाटली की सरांना काही झालं की काय. मी वाकलो. सर पाठीवर झोपून हवेत लोंबणाऱ्या चाकाकडे बघत होते आणि त्यांचं पोट हलत होतं. ते हसत होते.

"काय झालं सर?"

"आपण हिच्या लेस बसून बांधल्या बे," सर म्हणाले. "हवेत. रिकाम्या बैलाले तंग बांधला आपण."

मी डोक्याला हात लावला. इतकं सरळ होतं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला की रबर त्या लोंबत्या जागी पक्कं होतं. मग गाडी खाली टेकली, भार आला, की ते कायमचं पिळलेलं राहतं, आणि रोजच्या खड्ड्यांनी आणखी पिळतं. तोंड वर राहिलं होतं ते छाती काढून नव्हे, पीळ पडून. वीस वर्षं मी फळ्यावर भाराचे बाण काढले आणि माझ्या डोळ्यांदेखत हे एकदा होऊ दिलं, दुसऱ्यांदाही होऊ देणार होतो. बाजेवरून याडी म्हणाली, "काय झालं म्हणते?" सरांनी तिला गोरबोलीत सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "माझ्या आज्यानं तुम्हा दोघायले बैलाबरोबर चालवलं असतं," ती म्हणाली. माझा तास गेला तो गेलाच.

आता बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, आणि तेही भार घेऊन. आरा मशीनवरून सागवानाचे चार रुंद ठोकळे आणले, गाडीची चारही चाकं त्यांच्यावर टेकवली, म्हणजे सरांना खाली सरकायला जागा झाली. घोड्या खाली तशाच राहू दिल्या, धोका नको म्हणून. भारासाठी मी सरकीची पोती आणायला निघालो होतो. सरांनी अडवलं. "पोतं कायले? या गाडीत सरकी बसणार आहे का? जे बसणार तेच बसन." सरांचं वजन आणि माझं वजन, देवाची कृपा म्हणा, सारखंच. सर खाली, म्हणून त्यांच्या जागी स्टिअरिंगपाशी मी. आणि शेजारी याडी.

तिला उचलून ठेवायला आम्ही दोघं पुढं झालो. तिनं आधी लुगडं सारखं केलं, बांगड्या मागं सरकवल्या आणि म्हणाली, "चला. मी तयार आहो." सीटवर टेकल्याबरोबर तिनं तो मुसळासारखा पाय पुढं पसरला. पूर्ण पसरला. सुतळी बरोबर निघाली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती कुठल्या गाडीत बसली होती, आणि गाडी अंगणातल्या ठोकळ्यांवर उभी होती, पण तिच्या चेहऱ्यावर असं होतं जणू घाट उतरतोय. "वारा येत नाही," तेवढीच तिची तक्रार.

खालून एक शिटी आली. हलू नका. आम्ही श्वास धरून बसलो. गाडीचं तोंड आमच्या वजनानं खाली आलं होतं, हळूच, म्हैस पाण्यात बसते तसं. सरांनी एकेक बोल्ट आवळला आणि दर बोल्टाला मोठ्यानं हजेरी घेतली. शेवटचा "हजर" झाला आणि सर काळ्या तेलानं माखलेले बाहेर आले. दोन पावलं मागं सरकले. गाडी या वेळी छाती काढून उभी नव्हती. "विश्राम," सर म्हणाले.

पंधरा दिवस रोज सकाळी सरांनी ती लोहाऱ्याच्या सगळ्या खड्ड्यांतून मुद्दाम फिरवली. टक आला नाही. वाहिदभाईनं गाडी चालवून पाहिली, उतरला, सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "सर, आपने तो हमारी दुकान बंद कर दी." सोळाव्या दिवशी सकाळी सातला आम्ही केळापूरकडे निघालो. पुढं लाल गाडी, छत उघडं, याडीचं लुगडं वाऱ्यावर, डोक्याला सरांची मैदानावरची टोपी. मागं मोटरसायकलवर मी, कारण गाडीत दोनच सीटा. पांढरकवड्याच्या रस्त्यावर ट्रकवाले हॉर्न देऊन सलाम करत होते आणि याडी प्रत्येकाला हात करत होती.

खरी परीक्षा शेवटच्या तीन किलोमीटरची होती. डांबर संपलं, तांड्याचा रस्ता सुरू झाला, एक नाला, मग नुसते गोटे. सरांनी गाडी थांबवली, गळ्यातली शिटी काढली आणि माझ्या हातात दिली. "आज तू वाजव. पुढं चाल, गोटे बाजूला कर. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे ये." मी उतरलो. शिटी तोंडात धरली. गोटे उचलत, वाकत, शिट्या मारत मी पुढं चालत होतो आणि माझे सर माझ्या शिटीवर गाडी हलवत होते. प्रत्येक खड्ड्यात मी टक ऐकायला कान लावायचो. नुसता गोट्यांचा आवाज. तांड्यातली पोरं, बाया, कुत्री सगळी बाहेर आली होती.

गाडी धाकटीच्या दारात उभी राहिली. सर याडीला उचलायला वाकले. तिनं त्यांचा हात बाजूला केला. "मले काढू नको. तिले आण."

घरच्यांनी धाकटीला खांद्यावर उचलून आणलं. काडीसारखी झाली होती. सरांनी तिला स्टिअरिंगच्या सीटवर अलगद ठेवलं, पाय पसरून. दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. आधी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवले. मग गळ्यात गळा घालून दोघींनी सूर लावला. गोर बाया खूप दिवसांनी भेटल्या की गाऊन रडतात, हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं धरायची, लहानपणच्या विहिरीपासून मेलेल्या भावांपर्यंत सगळं त्यात येत होतं, असं नंतर सरांनी सांगितलं. भोवतीच्या बायाही रडत होत्या. छत उघडं होतं, उन्हं कोवळी होती.

सर त्यांच्याकडे बघत नव्हते. ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते, हात मडगार्डवर ठेवून, आणि रडत होते. मीही रडत होतो, लपवत काय बसायचं. थोड्या वेळानं म्हणाले, "आता भार बराबर आहे बे."

धाकटी त्या भेटीनंतर चौदा महिने जगली, पेज सोडून भाकर खायला लागली. दोघी आणखी चार वेळा भेटल्या, दर वेळी त्याच गाडीत बसून. मग आधी धाकटी गेली, महिन्याभरात याडी. दोन वर्षांनी सर गेले, सकाळी नळ यायच्या वेळी, गच्चीवर. त्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या घरांचं पाणी भरायचं राहिलं.

गाडी सरांनी मला लिहून ठेवली होती. किल्ली याडीच्या बटव्यात आहे, आरशांच्या रांगेत एक घासलेला वॉशर. वाहिदभाई दर वेळी म्हणतो, मास्तरसाब, बुश अजून तेच आहेत, बदलायची गरज नाही. रिकाम्या शेजारच्या सीटवर मी सरकीचं अर्धं पोतं ठेवतो, याडीच्या भाराइतकं. बायको हसते, हसू दे.

सरांच्या तेराव्याला चाळीसेक जुने विद्यार्थी आले होते. कोणी फौजदार, कोणी दुकानदार, कोणी तहसिलातला बाबू, सगळ्यांची पोटं सुटलेली, गुडघे गेलेले. जेवणं झाली, निघायची वेळ झाली. दाराबाहेर बुटांचा ढीग होता आणि शेजारीच ओट्याची रुंद, स्वच्छ पायरी होती. मी बघत उभा होतो. एकही माणूस पायरीवर बसला नाही. सगळे उभे राहिले, एकमेकांच्या खांद्याला धरून, कण्हत, वाकत, आणि उभ्यानं लेस बांधून घरी गेले.